दोनदा कापलेली बाही

बाबा शिवणकामाचं दुकान लेकीवर सोपवून चहाला गेले आणि नेमकी तेव्हाच एक मुलगी आत आली. हातात शाळेच्या बँडचा निळा कोट, केसांवर पावसाचे थेंब.

"बाह्या बोटांपर्यंत येतात," ती म्हणाली. "संध्याकाळी कार्यक्रम आहे. ट्रम्पेट वाजवू की बाह्या सावरू?"

टाचणीला हसू आलं. सतरा वर्षांची ही शिंप्याची लेक. तोंडात कायम टाचण्या, म्हणून बाबांनीच हे नाव पाडलेलं. तिनं टेप डाव्या खांद्यापासून मनगटापर्यंत लावली, आणि ट्रम्पेटवालीनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं... झालं! छातीत धडधडायला लागलं. ही धडधड तिच्या ओळखीची होती. गेल्या वर्षी शाळेच्या गोलकीपरसाठी अश्शीच व्हायची.

ट्रम्पेटवाली स्टुलावर बसून बँडमास्तरांच्या नकला करत राहिली. टाचणी हसत होती, कापत होती, पुन्हा हसत होती. मग तिनं कोट उचलून धरला. उजवी बाही होती तशीच लांब. डावी मात्र तिनं दोनदा कापली होती.

तेवढ्यात बाबा परतले. त्यांनी कोट पाहिला, लेकीचे लाल झालेले कान पाहिले, मग स्टुलावरची मुलगी.

"मागे त्या गोलकीपरच्या पॅन्टचे खिसे शिवून बंद केले होतेस," ते सावकाश म्हणाले. "तसंच आहे का हे?"

टाचणीनं मान खाली घातली, पण नाही म्हटलं नाही.  मग बाबा डाव्या बाहीला पट्टी जोडायला निळं कापड सापडतंय का बघतो म्हणाले आणि आत गेले.

"तो गोलकीपर... आवडायचा तुला?" ट्रम्पेटवालीनं विचारलं.

आता थाप मारली असती तर सगळं निभावलं असतं. खरं बोललं तर ही कोट उचलून निघून जाईल, पुन्हा या दुकानाची पायरी चढणार नाही. टाचणीनं तोंडातल्या टाचण्या काढल्या.

"आवडायचा. अगदी मनापासून. आणि आता... तू आवडतेस. दोन्ही खरं आहे."

बाहेर पाऊस वाढला होता. ट्रम्पेटवाली उठली, कोटाकडे गेलीच नाही. टाचणीसमोर येऊन तिनं उजवा हात पुढे केला.

"या बाजूचं माप राहिलंय," ती हळूच म्हणाली. "नीट घे... मला घाई नाही."

टाचणीनं तिचं मनगट धरलं. तिथंही धडधडत होतं.

"टाचणे," आतून बाबांचा आवाज आला, "मी येईपर्यंत कात्रीला हात लावायचा नाही."