तिखल्यातली गोळी

“आधी तू खा,” म्हणत नितेशने ताट पुढे सरकवलं, आणि मालनचा वाढता हात तसाच अधांतरी राहिला...

घाटकोपरच्या भटवाडीतल्या त्या दोन खोल्यांत या थोरल्या बहिणीने आईच्या माघारी दोन्ही भावांना लहानाचं मोठं केलं होतं. नितेश गोरेगावच्या स्टुडिओत लाइटमन, हाताचा मोठा हुशार. पण त्याला भिंतीपलीकडून आवाज ऐकू येऊ लागले, तेव्हा मुलुंडचं स्वतःसाठी जवळजवळ ठरलेलं स्थळ तिने मुकाट्याने परत पाठवलं. आणि आज तोच नितेश सांगत होता, ताई माझ्या जेवणात काहीतरी कालवते!

धाकट्या प्रीतमचा तोल सुटला. जिने आपल्यासाठी जन्म वेचला तिच्यावरच विषाचा आळ घेतो, म्हणजे आजार हाताबाहेर गेला. सोमवारी याला भरती करायचं, असं त्याने जाहीर करून टाकलं. मालनने ताट परत आत नेलं. बोलणार तरी काय? बांगड्याच्या तिखल्यात, त्या झणझणीत माशाच्या रश्श्यात, गोळी कुटून तीच तर घालत होती. एक-दोन दिवस नव्हे, चार वर्षं! नितेश गोळीला शिवत नसे, दवाखान्याची पायरी चढत नसे. मग तीच जाऊन गोळ्या आणी, आणि तिथे कुणी विचारलंच तर बेधडक सांगे की हो, स्वतःच्या हाताने घेतो.

प्रीतमने दवाखान्यात फोन केला म्हणून शनिवारी दुपारी नीला सिस्टर आल्या. मानसोपचार विभागातल्या या परिचारिका पेशंटच्या घरी जाऊन घरच्यांशीही बोलत. दोघा भावांचं ऐकून घेतल्यावर त्या स्वयंपाकघरात मालनशेजारी खाली बसल्या, पुढ्यातली कोथिंबीर निवडायला घेतली आणि म्हणाल्या, “मालनताई, तुमचं कसं चाललंय?”

चार वर्षांत हे कुणीही विचारलं नव्हतं... मालनला हुंदका फुटला आणि सगळं भडाभडा बाहेर आलं. आता या बाई चांगलंच फैलावर घेणार, अशी तिची खात्री होती. पण सिस्टरांनी नुसता तिचा हात धरला. आधी विचारायला हवं होतं, चूक आमचीही आहे, असं त्या म्हणाल्या. आणि मग हळूच बोलल्या,

“त्याचा संशय खरा आहे हो. खऱ्या गोष्टीला आपण सगळे वेड म्हणतोय, आणि त्यासाठी त्याला भरती करायला निघालोय.”

हे तिनेच त्याला सांगायचं होतं. सिस्टर शेजारी बसणार होत्या, पण शब्द तिचेच हवेत, असा त्यांचा आग्रह होता. तो घर सोडून गेला तर? पुन्हा कधी गोळीच घेतली नाही तर? तसंही होऊ शकतं, हे सिस्टरांनी लपवलं नाही.

मालन बाहेर आली. ती भावाच्या समोर बसली.

“नितेश, मी जेवणात तुझी गोळी घालत होते. विष नव्हतं रे. पण तुझ्यापासून लपवलं, ते चुकलं माझं.”

प्रीतम ताडकन उठून उभा राहिला. नितेशने बहिणीकडे पाहिलं.

“म्हणजे हे माझ्या डोक्यातलं नव्हतं?”

“नव्हतं.”

त्याने तोंड ओंजळीत लपवलं आणि लहान पोरासारखा रडला. इतके दिवस मला वाटत होतं तू मला जिवे मारतेयस, एवढंच तो कसाबसा म्हणाला.

भरती टळली, पण तीन दिवस तो घरचं जेवला नाही. सिस्टर रोज फोन करत, त्याच्याशीही बोलत. त्यांनी मालनला बजावलं होतं, विनवू नका, मागे लागू नका, गोळ्यांचं पाकीट त्याच्याच ताब्यात द्या. भावाला बाहेरून वडापाव खाऊन येताना पाहून तिचा जीव तीळतीळ तुटे, पण तिने ते पाळलं. चौथ्या दिवशी नितेश आपण होऊन पाटावर बसला. “वाढ,” म्हणाला. पोटभर जेवला, आणि तिच्या देखत गोळी पाण्याबरोबर गिळली.

पुढच्या महिन्यात सिस्टरांनी पेशंटच्या घरच्यांची बैठक घेतली, तेव्हा नितेश चार वर्षांत पहिल्यांदा दवाखान्यात आला. एका थकलेल्या आईने मालनला हळूच विचारलं, माझा मुलगा औषध घेत नाही, कशात मिसळलं तर कळणार नाही? मागच्या खुर्चीवरून नितेश उठला.

“मावशी, ते मला विचारा. सगळं कळतं. जेवणाची भीती बसते.” मग त्याने मालनच्या खांद्यावर हात ठेवला. “ही माझी ताई. ‘चुकलं माझं’ असं तिने मला तोंडावर सांगितलं. वेड्याला कुणी असं सांगत नाही, मावशी... माणसाला सांगतात.”

सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या. मालनचे डोळे भरून वाहत होते, पण मान ताठ होती. खुर्ची पुढे ओढून तिने त्या आईला आपल्या जवळ बसवलं आणि विचारलं, “ताई, तुमचं कसं चाललंय?”