सात नावांचं जहाज

"जहाज गेलं!"

तिफेन प्रार्थनाघराच्या दारातच ओरडली. पण ऐकायला आत कुणीच नव्हतं. छतावरून नुसते दोन दोर लोंबत होते.

आईची रेन शहरातल्या दवाखान्यातली ड्युटी संपेना, म्हणून सुट्टीभर तिला फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात किनाऱ्यावर मावशीकडे धाडलं होतं. मावशी दिवसभर धिरड्यांच्या तव्यापुढे, गावातली मुलं होड्यांवर. बारा वर्षांची तिफेन मग रोज इथे यायची आणि छताला टांगलेलं ते लाकडी जहाज वहीत काढत बसायची. वादळातून वाचलेल्या खलाशांनी फार पूर्वी नवस फेडायला ते वाहिलं होतं. गावात तिची ओळख अशी त्या जहाजाशीच!

बाहेर बाकावर रखवालदार कर्देककाका पेपर वाचत होते.

"संग्रहालयवाले घेऊन गेले असतील. छताला रंग द्यायचाय ना!"

"असतील म्हणजे? तुम्ही विचारलं नाहीत?"

"नसत्या चौकशा नकोत, पोरी. जा, खेळ जा."

खेळ! कुणाशी?

दाराबाहेर वाळूत हातगाडीच्या चाकाची रेघ होती, मध्येमध्ये पांढऱ्या रंगाचे थेंब. तिफेन त्या रेघेमागे निघाली. धक्क्यावर कोळ्याची मुलगी आझेनोर जाळं सोडवत होती.

"काय गं रेनवाली, काय हरवलं?"

"जहाज."

"मग समुद्रात शोध की!" आझेनोर फिदीफिदी हसली, पण मागोमाग आली.

रेघ किनाऱ्यावरच्या जुन्या होडीघरापाशी संपली. दाराला कुलूप. आझेनोरनं फटीतून डोकावलं आणि तिचं हसू मावळलं.

"अगं, आत जमिनीवरच ठेवलंय! रंगाऱ्यानं आणलं असणार; तो बाहेरगावचा, त्याला काय ठाऊक? आज मोठी भरती आहे. तासाभरात इथे कमरेएवढं पाणी, भिंतींवर आपटून चुराडा होईल त्याचा!"

"मी खिडकीतून आत जाते. तू माणसं आण!"

"एकटी थांबशील?"

"सवय आहे मला," तिफेन म्हणाली.

आत उतरली तेव्हा पाणी घोट्यापर्यंत होतं. जहाज तिच्याहून लांब, खिडकीतून निघणं शक्यच नव्हतं! कसंबसं तिनं ते खांद्यावर घेतलं. पाणी गुडघ्यावर आलं, मांड्यांवर आलं. बाहेर लाटांखेरीज आवाज नाही. आझेनोर विसरली तर? हात भरून आले. रडू फुटणार, एवढ्यात डोळ्यांपुढे कललेल्या डेकवर कोरलेली अक्षरं दिसली. खालून कधीच न दिसलेली, त्या खलाशांची सात नावं! तिफेन ती मोठ्यानं वाचू लागली. पहिल्यापासून सातव्यापर्यंत, पुन्हा पहिल्यापासून. पाणी कमरेला लागलं तरी ती वाचतच होती.

"तिफेन! आलो गं!"

कुलूप तुटलं. आझेनोर, तिचे बाबा आणि धापा टाकणारे कर्देककाका पाण्यातून आत घुसले.

जहाज सुखरूप बाहेर आल्यावर काकांनी डोक्यावरची टोपी काढली. "चुकलं माझं. चाळीस वर्षं राखण केली, पण ही नावं मला ठाऊक नव्हती. शाब्बास, पोरी! रविवारी प्रार्थनाघराच्या सणाला तूच वाच."

शनिवारी आईचा फोन आला : याही रविवारी यायला जमणार नाही. तिफेन "बरं" म्हणाली.

रविवारी भरल्या प्रार्थनाघरात ती उभी राहिली. आझेनोर पुढच्याच बाकावर होती. तिफेननं सातही नावं वाचली. मग मागच्या बाकावरून एक म्हातारी काठी टेकत उठली.

"शेवटचं पुन्हा वाच, बाळा. ते आमच्या घरातलं आहे."

तिफेननं ते पुन्हा वाचलं, आणखी मोठ्यानं.