आरशात एवढासा

त्यानं गाडीवर पाय ठेवले आणि दोन्ही हात सोडून दिले.

सकाळचे सात वाजले होते. सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याच्या दारात मी शहर फिरायला आलेल्या पाहुण्यांना आमची गाडी शिकवत होते. गाडी म्हणजे दोन चाकं, मधे उभं राहायला फळी आणि समोर दांडा. विजेवर चालते. पुढे झुकलात की पळते, टाचांवर रेललात की थांबते, ब्रेक असा नाहीच. भलेभले पहिल्या दिवशी दांड्याला घोरपडीसारखे चिकटतात. आणि हा गडी हाताची घडी घालून उभा होता.

“दांडा धरा,” मी कसंबसं म्हणाले.

“पडत न्हाई ओ मॅडम. तोल आमच्या घरातच हाय.”

नाव पंचाक्षरी. तिकीट त्याच्या आतेभावाचं होतं, आतेभावाला ताप आला म्हणून हा आला. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या जत्रेत, आमच्या गड्ड्याच्या जत्रेत, नंदीध्वज निघतात ना, ती उंच काठी कमरेच्या पट्ट्यावर तोलून चालणाऱ्यांतला हा. रोज संध्याकाळी सराव चालू आहे असं त्यानं सांगितलं, आणि तेही मी न विचारता.

हेल्मेटचा पट्टा मात्र त्यानं लोंबता ठेवला होता. आमचा नियम आहे, पट्टा हनुवटीखाली दोन बोटं जातील एवढाच सैल. मी पट्टा लावला, दोन बोटं घालून पाहिली. त्यानं सकाळीच दाढी केली होती. हे मला कळायचं काही कारण नव्हतं… पण कळलं.

“हे सगळ्यांचंच असं बघता?”

“सगळ्यांचंच.”

“त्या काकांचं न्हाई बघितलं की.”

मी चमकून वळले. पुण्याहून आलेल्या काकांचा पट्टा खरंच गळ्यात लोंबत होता. आठ महिन्यांत मी एकदाही कुणाचा पट्टा विसरले नव्हते. मी धावत जाऊन तो लावला, आणि माझे कान गरम झाले ते झालेच.

खरं तर मला असलं काही परवडणारंच नव्हतं. माझे वडील तात्याबा सांगोल्याला शेळ्या राखतात. त्यांनी मला सोलापुरात एक वर्ष दिलं होतं. नोकरी टिकली तर राहा, नाहीतर परत ये, तुझ्यासाठी स्थळ बघून ठेवतो. आणि आमच्या कंपनीत गाईडच्या चुकीनं कुणी पडलं तर गळ्यातला बिल्ला काढून घेतात. बिल्ला गेला की माझं सोलापूरच गेलं.

निघालो. मी पुढे, चौघे मागे एका रांगेत. गाईडनं चालत्या गाडीवर मान वळवायची नाही, हा आमचा पहिला नियम. मान वळली की अंग मागे जातं, गाडी मंदावते आणि मागचे येऊन धडकतात. मागचं बघायला दांड्यावर आरसा आहे.

सिद्धेश्वर तलावाच्या कडेला मी आरशात पाहिलं. काका, काकू, त्यांची सून आणि शेवटी तो, एवढासा. काहीतरी बोलून तो हसत होता. तलावावर ऊन नुकतंच आलं होतं. तो कशाला हसतोय, ते मला बघायचं होतं.

मी मान वळवली.

गाडी मंदावली. मागे काकांनी दचकून गाडी थांबवली, काकूंनीही, सुनेनंही. पंचाक्षरी पुढे कलला आणि पुढेच गेला. काकांच्या बाजूनं सुसाट निघून तो कठड्यावर आदळला. हेल्मेट दगडावर आपटल्याचा आवाज आला. मी कशी उतरले, कशी पोचले, काही आठवत नाही.

तो उठून बसला. हेल्मेटला कपाळापासून कानापर्यंत तडा गेला होता. पट्टा जागच्या जागी होता.

“तुमाला न्हाई न्हवं लागलं?” त्यानं विचारलं.

मला रडूच आलं. ज्याचं डोकं थोडक्यात वाचलं, तो मलाच विचारत होता.

डॉक्टर म्हणाले, मनगट मुरगळलंय, बाकी काही नाही. दुपारी ऑफिसात अपघाताची नोंदवही उघडली. मालकीण सरोजिनीमॅडम दोघांकडून वेगवेगळं लिहून घेतात. आधी त्यानं लिहिलं. मॅडमनी ते मोठ्यानं वाचलं: ‘काठी पुढे कलली की आम्ही मागे ओढत नाही, तिच्याखाली पुढे जातो. तीच सवय नडली. टाचांवर रेलायचं शिकवलं होतं, मी विसरलो. चूक माझी. गाईडमॅडमचा दोष नाही.’

मी सुटले होते. त्याखाली नुसती सही करायची होती.

पेन हातात घेतलं, आणि तो तडा डोळ्यांपुढून हलेना. पुढच्या वेळी पट्टा विसरलेला माणूस पडला तर? मी लिहिलं: ‘मी मान वळवली.’

मॅडमनी चष्मा काढला. “आरसा कशाला दिलाय, अपेक्षा?”

“आरशात तो दिसत होता.”

“मग?”

“पण… एवढासा दिसत होता.”

बोलून गेले, आणि सगळ्यात मोठा धक्का मलाच बसला. पंचाक्षरी बाकावर बसल्या बसल्या छताकडे बघू लागला. मॅडमनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग त्यांनी हात पुढे केला. “बिल्ला महिनाभर माझ्याकडे. त्याचं लिहिलेलं ऐकून नुसती सही केली असतीस, तर बिल्ला परत मागायला येऊ नको म्हणाले असते.”

महिनाभर मी हेल्मेटं पुसली, गाड्या चार्जिंगला लावल्या. वडिलांना फोनवर खरं ते सांगितलं. ते म्हणाले, “खरं लिवलंस, ते ब्येस केलंस. पर वळून बघितलंस ते कुणाला?” मी रेंज नाही म्हणून फोन ठेवला.

बिल्ला परत मिळाला त्या संध्याकाळी मी नंदीध्वजाचा सराव बघायला गेले. काठीखालच्या माणसानं नजर वर शेंड्यावर ठेवायची, इकडेतिकडे बघायचं नाही, हे मला एव्हाना माहीत झालं होतं. म्हणून मी गर्दीच्या मागे, त्याला दिसणार नाही अशी उभी राहिले. डॉक्टरांनी त्याला त्याच आठवड्यात काठी उचलायची परवानगी दिली होती. मनगटाला पट्टी होती. काठी कलली की तो तिच्याखाली पुढे जायचा, सावरायचा, पुन्हा जायचा. त्यानं एकदाही खाली पाहिलं नाही.

काठी दुसऱ्याच्या हवाली केली, घाम पुसला आणि तो गर्दीतून थेट माझ्यापुढे येऊन उभा राहिला.

“मी इथं आहे, हे कसं कळलं?”

“आलीस तवाच बघितलं. तवा काठी घेतली नव्हती.” तो जवळ आला. “आता केवढा दिसतोय?”

मला तो आवडला होता. किल्ल्याच्या दारात हात सोडून उभा होता तेव्हापासूनच आवडला होता. मी त्याचा हात धरला आणि मनगटाच्या पट्टीखाली दोन बोटं घालून पाहिली.

“सैल आहे,” मी म्हणाले.

“मग बांध की, अपेक्षा.”

मी पट्टी सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली. बांधून झाल्यावरही त्यानं हात काढून घेतला नाही, आणि मीही सोडला नाही.