दगडफुलाची उपासमार

“आज सर येतीन अन् हे सगळं बंद करून टाकतीन, पाहजो!” सपनाआत्या म्हणाली आणि प्रयोगाचे प्रमुख कैलाससर यांना आणायला फाटकाकडे निघाली.

अंकितानं हातातली चकली ताटात ठेवली. दिवाळीच्या सुट्टीत ती, चुलतभाऊ पियुष आणि मैत्रीण आचल आत्याकडे सेलूला आली होती. आत्याचा प्रयोग मोठा गमतीचा! शेतात पारदर्शक भिंतींच्या, वरून उघड्या अशा दोन खोल्या. दोन्हींत फांद्या, फांद्यांवर दगडफूल. हो, हो, तेच, मसाल्यातलं! एका खोलीत साधी हवा. दुसरीत दिवसभर नळीतून जास्तीचा कार्बन डायऑक्साइड. उद्या जगाच्या हवेत हा वायू वाढला, तर दगडफुलाचं काय होईल? पण वायूच्या खोलीतलं दगडफूल वाळतच चाललं होतं.

“वायू म्हणजे झाडाचं जेवण ना? मंग जास्तीचं जेवून हे काऊन वाळून राह्यलं?” पियुष म्हणाला.

“दगडफूल झाड नाई रे! आत्या म्हणे, शेवाळ अन् बुरशीचा संसार आहे तो. शेवाळ रांधते, बुरशी घर सांभाळते,” अंकिता म्हणाली.

“आयतं खाते म्हण ना, तुह्यासारखी!” आचलनं चिमटा काढला.

अंकिता मात्र हसली नाही. आत्याची एवढी मेहनत अशी वाया जाऊ द्यायची? छे! सर यायच्या आत कारण सापडलंच पाहिजे!

तिघं शेतात धावली. सूर्य नुकताच वर येत होता. गवत दवानं ओलंचिंब. साध्या खोलीतलं दगडफूल मऊ आणि हिरवट. गॅसच्या खोलीतलं? अंकितानं बोट लावलं. करकर! पापडासारखं कडक! आतलं गवतही ठणठणीत कोरडं!

“एकाच वावरात इकडं दव, तिकडं नाई?” पियुष चक्रावला.

“कोणीतरी वरून झाकते,” अंकिता म्हणाली. “पण कोण?”

तेवढ्यात शेत सांभाळणारे गजेंद्रकाका आले. “निघा इथून! पोरांचं काम नाई हे!”

सरळ विचारून काका काही सांगणार नव्हते. अंकितानं आचलला कोपर मारलं. थापा मारण्यात आचलचा हात धरणारं अख्ख्या वर्धा जिल्ह्यात कोणी नव्हतं!

“काका, काल एक माकड पाह्यलं. हत्तीएवढं! वरून खोलीत उतरलं, गॅस पेलं अन् फुग्यासारखं फुगून थेट हिंगणघाटले उडत गेलं!”

“काही फेकते काय पोट्टे! वरून कसं उतरन? मी रोज संध्याकाळी गच्च ताडपत्री बांधतो ना! ताई यायच्या आधी सोडतो.”

“काऊन?” मागून आवाज आला. आत्या! आणि सोबत कैलाससर!

काका गोंधळले. “गॅस उडून जाते ना ताई, महागाची वस्तू! वावरात कापूस झाकतोच ना आपण?”

“अहो, पण रात्री गॅस बंद असतो!” आत्यानं कपाळाला हात लावला. “अन् दगडफुलाले मुळं नाहीत. दवानं ओलं झालं, तरच ते वायू खाते. कोरडं झालं की झोपते.”

“म्हणजे पंगत वाढली अन् जेवणारा झोपेत!” पियुष ओरडला.

“पण आता ते मेलंच असेल,” सर मान हलवत म्हणाले. “काही उपयोग नाही.”

“थांबा सर!” अंकितानं बाटलीतलं पाणी ओंजळीत घेतलं आणि फांदीवर शिंपडलं. राखाडी, चुरगळलेल्या कडा हळूहळू फुलल्या. मऊ झाल्या. आणि बघता बघता दगडफूल हिरवं दिसू लागलं!

“जित्तं आहे!” आचलनं उडीच मारली.

सर वाकून बघतच राहिले. “प्रयोग बंद नाही करायचा. नव्या फांद्या लावा, पहिल्यापासून सुरू करा!”

“आता जास्तीच्या वायूनं ते जास्त वाढेल ना, सर?” अंकितानं विचारलं.

“कोण जाणे! वाढेल, नाहीतर नाहीही वाढणार. पण आता दगडफूल जे सांगेल ते खरं असेल. शाब्बास पोरांनो! आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही ते.”

काकांनी तिघांसमोर आपले कान पकडले. आत्या तोवर नव्या फांद्या शोधायला निघालीसुद्धा होती, आणि तिच्या मागे तिघं धूम पळत सुटली!