काळूरामच्या लाल सोंगट्या

चर्चमधली रविवारची मिसा आणि मागोमागचं जेवण आटोपलं की नंदाखालला रुडॉल्फच्या ओट्यावर खेळवाले जमत. गावाने त्यांना रिकामटेकडे म्हणून कधीच निकालात काढलं होतं आणि त्यांनीही ते मनाला लावून घेतलं नव्हतं. बाकीचे लोक पत्ते कुटतात, कॅरम बडवतात; यांना दर वेळी नवं काहीतरी लागे. रुडॉल्फचा भाऊ बोटीवर होता. तो सुट्टीवर आला की त्याच्या बॅगेतून अत्तर-साबणाच्या आधी खेळांचे डबे बाहेर निघत. बोळिंजचा पांडुरंग तसा पानवेलींच्या वाडीत राबणारा माणूस, पण एखाद्या देवळाच्या पायरीवर वाघ-बकरीचा पट कोरलेला दिसला की तिथेच फतकल मारायचा, आणि पुढच्या रविवारी तो पट कागदावर उतरवून आणायचा. आठवड्यात कोण काय खेळलं आणि कसं वाटलं हे आधी सांगायचं, मग खेळायला बसायचं. शेवटपर्यंत खेळल्याशिवाय मत मात्र द्यायचं नाही.

"गोट्यांवरनं गोट्या उडवायच्या. शेवटी एकच उरली पाहिजे," त्या रविवारी रुडॉल्फ सांगत होता. "एकट्याने खेळायचा. आठवडाभर बसलो, दोनाच्या खाली काही येत नाय."

"एकट्याचा कसला आलाय खेळ?" पांडुरंग म्हणाला. "हरल्यावर शिव्या घालायला समोर माणूस नको?"

रुडॉल्फची बायको रोझमेरी बाजूला लसूण सोलत बसली होती. "मला तर फार आवडला हा खेळ," ती म्हणाली. "आठवडाभर घरात नवऱ्याचा आवाज नाय."

जिजा हसली. हसायची तिला चोरी नव्हती, पण गावाच्या मते असायला हवी होती. खाडीकाठच्या गावातून ती एसटीने इतक्या लांब यायची, कपाळावर ठसठशीत कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, आणि नवरा ऑगस्टच्या उधाणापासून बेपत्ता. आता नाताळचे कंदील उतरायची वेळ आली होती. नवऱ्याचा पत्ता नाही आणि बाई पट खेळत फिरते, असं लोक बोलत. बोलू देत. लोकांच्या तोंडाला काय, पाणी प्यायला तरी ते मिटतंच की.

तिचा नवरा काळूराम हा या टोळीतला चौथा. रुडॉल्फ आणि तो नवघरच्या एकाच कारखान्यात, एकाच यंत्रावर आळीपाळीने उभे राहत. खाडीचं पाणी भातशेतीत घुसू नये म्हणून गावाने घातलेला बांध त्या उधाणात फुटला, आणि काळूराम फावडं घेऊन धावला. फावडं सापडलं. काळूराम सापडला नाही. भाऊबंदांनी थोडे दिवस वाट पाहिली, मग दबकत सुरुवात केली, की आता कुंकू पुसायला हवं. जिजाने सगळ्यांना अंगणात उभं करून एकच विचारलं, "ज्याचं मढं नाय, त्याचं मरन कोन ठरवनार?"

नव्या खेळांची चर्चा संपली की शेवटी पट मांडला जाई. जुनाच, कापडी, चार पट्ट्यांचा, प्रत्येक पट्टी एकेकाच्या पुढ्यात. कवड्या टाकायच्या, दान पडेल तेवढी घरं सोंगटी चालवायची, वाटेत दुसऱ्याची सोंगटी नेमकी त्या घरात सापडली की मारायची, म्हणजे बिचारीला पुन्हा पहिल्यापासून निघावं लागतं. जिजाच्या सोंगट्या हिरव्या, काळूरामच्या लाल. आणि रविवारी कारखान्यात काळूरामची पाळी लागली की तो म्हणे, "माझा डाव थांबवू नका, मी आलोच." म्हणून त्यांनी रीतच पाडली होती. जो नसेल त्याच्या उजवीकडे बसणाऱ्याने त्याच्या कवड्या टाकायच्या आणि त्याच्या सोंगट्या अगदी इमानाने, स्वतःच्याच समजून चालवायच्या. काळूरामच्या उजवीकडे पांडुरंग बसे.

उधाणानंतर पहिल्यांदा जिजा आली तेव्हा रुडॉल्फने मुकाट्याने तीनच रंग मांडले होते. तिने डब्यातून लाल सोंगट्या काढल्या आणि आपल्या हाताने मांडल्या. काळूरामचा पाटही पुढे ओढला. "तो नाय तवा काय करायचं ते ठरलंय ना आपलं?" ती म्हणाली. पांडुरंगने लालच्या कवड्या उचलल्या.

पहिले काही रविवार नीट गेले. मग डबा उघडला की लाल सोंगट्या ओलसर लागू लागल्या. हिरव्या, पिवळ्या, काळ्या कोरड्या ठाक, आणि त्यांच्याच शेजारी पडलेल्या लाल तेवढ्या दमट. रोझमेरीने डबा दिवसभर उन्हात ठेवला. लाल सोंगट्या वाळल्या खऱ्या, पण त्यांच्यावर मिठासारखी पांढरी खार धरली. रुडॉल्फने बोट लावून जिभेवर टेकवलं आणि तसाच तोंड धुवायला गेला.

मग काळूरामचा पाट. तो मधोमध काळपट दिसे, कोणीतरी ओल्या धोतराने बसून नुकतंच उठल्यासारखा. पांडुरंगने काळूरामच्या कवड्या टाकल्या की त्यांचा आवाजही वेगळा येई. स्वतःसाठी टाके तेव्हा खळखळून पडत, काळूरामसाठी टाके तेव्हा चिखलात रुतल्यासारख्या. आणि दान पडे ते असं, की लाल सोंगटी हटकून जिजाच्या हिरवीच्या घरात यावी. रुडॉल्फच्या सोंगट्यांना धक्का नाही, पांडुरंगच्या स्वतःच्या सोंगट्यांना नाही. मरायची ती जिजाचीच.

पांडुरंगने कुठेतरी तोंड उघडलं असणार. बोळिंजहून ही बातमी खाडीकाठापर्यंत पोचायला किती वेळ लागतो? जिजाचे थोरले दीर जयराम त्या रविवारी तिच्याबरोबर एसटीत चढले. माणूस वाईट नव्हता. पाठच्या भावाला त्यांनी खांद्यावर बसवून जत्रा दाखवलेली. बांध फुटला त्या दिवशी ते कंबरभर चिखलात अंधार पडेपर्यंत हाका मारत फिरले होते, आणि अजूनही त्यांचा आवाज बसलेलाच होता.

टोपी सारखी करत ते ओट्यावर टेकले. काळपट पडलेल्या पाटावर त्यांनी बोट टेकवून पाहिलं.

"काळू हितं येऊन बसतो म्हनतात," ते शेवटी म्हणाले. "मंग तो गेला ना, जिजा? त्याला असा ओल्या अंगानं किती दिवस बसवनार? दर्भाचा पुतळा करू, अग्नी देऊ. सुटंल बिचारा."

"हितं कोन येत असंल तो माझा नवरा नाय, भावजी."

"कशावरनं?"

"लग्न झाल्यापास्नं आमी पट खेळतोय. त्यानं माझी सोंगटी कधी मारली नाय. समोर आली तरी दुसरी चालायचा. विचारा ह्यांना."

रुडॉल्फने मान हलवली. त्या एका कारणावरून काळूराम किती वेळा हरला होता आणि त्यांनी त्याला किती चिडवला होता, ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. बायकोच्या धाकातला म्हणत. तो नुसता मिशीत हसायचा.

"आनि हा जो कोन हाय," जिजा म्हणाली, "तो माज्याच मारतो. तो काळूराम कसा असंल? आनि तो हितं नाय, म्हंजे कुठंतरी हाय."

"अहो वहिनी, मारतो मी," पांडुरंग घसा खाकरून म्हणाला. दोन महिने हे त्याच्या मनात टोचत असणार. "दान पडतं, पण चालतो मी. दर वेळी दोन वाटा असतात. मारायची सोडून दुसरी चालवली तर ती बेइमानी झाली असती, म्हणून मी आपला..."

जिजा त्याच्याकडे बघत राहिली. असला साधा मुद्दा आपल्या डोक्यात कसा आला नाही, याचा तिला संताप आला. पण मागे हटेल तर ती जिजा कसली?

"ठीक हाय," ती म्हणाली. "आज तुमी कवड्या फक्त टाका. सोंगटीला हात लावायचा नाय. कोन बसलाय तो चालवंल त्याची तो."

रोझमेरीच्या हातातला लसूण तसाच राहिला. "जिजाबाय, असलं काय करू नको," ती म्हणाली.

"नाय हलली तर तिथं कोन नाय. मंग पुतळा नाय."

"आनि हलली तर?" जयरामांनी विचारलं.

"हलली आनि मला मारलं, तर दुसराच कोनतरी हाय. तरी पुतळा नाय."

"आनि मारायची आसून सोडली तर?"

जिजा हसली. आपण जिंकलोच अशी तिची खात्री होती. "सोडली तर तो काळूराम. मंग तुमी सांगाल तसं."

पट मांडला. डाव नेहमीसारखा चालला. काळूरामच्या पाळीला पांडुरंग कवड्या टाकी आणि सगळे लाल सोंगट्यांकडे बघत बसत. काहीच होत नसे. पुन्हा पाळी, पुन्हा काही नाही. जिजाची मान हळूहळू ताठ होत गेली. तिची हिरवी जवळजवळ घरी पोचली होती. जयरामांनी तोंडावरून हात फिरवला. त्यांनाही सुटल्यासारखं वाटत होतं की काय कोण जाणे.

ऊन ओट्यावरून उतरून केळींच्या बुंध्यांशी गेलं. मागच्या बावखलाच्या पाण्यात नारळाची झावळी पडल्याचा आवाज आला.

पांडुरंगने काळूरामच्या कवड्या टाकल्या. चिखलात पडल्यासारख्या पडल्या.

पाच.

एक लाल सोंगटी जिजाच्या हिरवीच्या बरोबर पाच घरं मागे होती. दुसरी लाल पार पलीकडच्या पट्टीवर होती. शेंबडं पोरही चुकणार नाही इतका सरळ डाव होता.

पांडुरंगने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

कोणी हललं नाही. काहीच हललं नाही.

"झालं?" जिजा म्हणाली. "बघितलंत? कोन नाय हितं."

तिने कवड्या गोळा करायला हात पुढे केला, आणि पलीकडच्या पट्टीवरची लाल सोंगटी सरकली.

एक घर. थांबली. आणखी एक घर.

कापडावर तिच्या मागे ओली रेघ उमटत होती. पाचव्या घरात ती उभी राहिली. जिजाच्या मागची लाल होती तिथेच होती. तिने जागा सोडली नव्हती.

जयरामांनी टोपी काढली. "काळू," ते बसलेल्या आवाजात म्हणाले, आणि म्हातारा माणूस रडतो तसे आवाज न करता रडू लागले.

जिजाच्या छातीत आधी नुसता आनंद उसळला. आला. तसाच आहे. काडीचाही बदललेला नाही. मग तो आनंद म्हणजे काय, हे तिला कळलं.

"एकदा मारली असतीस तर काय बिघडलं असतं तुझं?" ती पाटाकडे बघून म्हणाली. अगदी हळू. रागाने.

मग तिने मागची लाल सोंगटी उचलली. बर्फासारखी गार होती. एक, दोन, तीन, चार, पाच अशी ठकठक आपटत तिने ती आपल्याच हिरवीच्या घरात आणली, हिरवी उचलली आणि मुठीत आवळली.

"मारली," ती म्हणाली. "मला मारली. बघितलंत ना सगळ्यांनी?"

रुडॉल्फ खाली बघत होता.

"मारली," पांडुरंग म्हणाला. त्याच्या ओठांना रंग नव्हता. "मी बघितलं."

"मी पण," रोझमेरी म्हणाली, आणि छातीवर क्रूस केला.

जयराम एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांनी डोळे पुसले, टोपी घातली. "तुजी मर्जी, पोरी," ते म्हणाले. "पुतळ्याचं मी परत बोलनार नाय." ते पायऱ्या उतरले. बाकीचे तिघे त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले.

ओट्यावर जिजा एकटी उरली. तिने मूठ उघडली.

मूठ रिकामी होती. तळवा ओला होता.

हिरवी सोंगटी पटावर आपल्या घरात उभी होती. लाल तिच्या मागे, पाच घरं राखून.

फाटकाशी रुडॉल्फ परत फिरला. जिजाने पदर सोडला आणि सबंध पटावर पसरून टाकला. वर हात ठेवून ती ताठ बसली.

"काय झालं, जिजाबाय?" त्याने लांबूनच विचारलं.

"काय नाय. डाव संपला."

पदराखाली एक लहानसा उंचवटा हलला. तो जिजाच्या हिरवीला वळसा घालून, पट सोडून, हळूहळू तिच्या मांडीकडे सरकू लागला. जिजाने मांडी मागे घेतली नाही.