बुक्क्याची जागा

सन दोन हजार सत्तेचाळीस उजाडलं तरी मिरजेच्या त्या गल्लीत सतारींचे भोपळे उन्हात वाळत पडलेले असत. टोकाच्या एका दुकानात मात्र वाद्यांऐवजी आवाज दुरुस्त होत. दारावर पाटी होती : 'ध्वनिसांधणी. तुटकाफुटका आवाज जोडून मिळेल.'

फिरोज सतारमेकर तिथे आले ते आपल्या जुन्या अल्बमच्या संमतीपत्रावर सही करायला. बोटांचे सांधे सुजलेले. चपला काढतानाच त्यांनी बजावलं, "केतकी, चहा नको नि ऐकवणंही नको. कागद दे, सही करतो, सुटतो."

"न ऐकता सही करणारा माणूस बाबांच्या बँडमध्ये होता, असं सांगू का चाचा लोकांना?"

फिरोजभाई हसले नाहीत. पण बसले.

'तेरावा मैल' हा त्यांचा रॉक बँड. गाणारा श्रीनाथ ऊर्फ नाथा मठकर, कीर्तनकार मठकरबुवांचा मुलगा. गिटारवर फिरोज. तेहेतीस वर्षांपूर्वी त्यांचा शेवटचा अल्बम 'उत्तररंग' अर्ध्यावर आला आणि दोघांचं फाटलं. कारण काय, तर चिपळ्या. नाथाला त्या शेवटच्या गाण्यात हव्या होत्या. "मग कीर्तनच कर की! आम्हाला कशाला वेठीला धरतोस?" असं म्हणून फिरोज उठून गेला. पुढे कानावर आलं की नाथानं ते गाणं त्याच्या गिटारीवाचूनच उरकलं. चार महिन्यांत नाथा काविळीनं गेला, अल्बम अडगळीत पडला. आपल्याला पुसून टाकून दोस्त गेला, हा काटा फिरोजभाईंच्या काळजात तसाच राहिला.

नाथाची मुलगी केतकी तेव्हा सात वर्षांची होती. तिनं बनवलेल्या यंत्रणेचं नाव 'सांधक'. स्टुडिओतलं उरलंसुरलं ध्वनिमुद्रण, म्हणजे अर्धवट टेक, तालमी, हेडफोनमधून माइकमध्ये झिरपलेलं संगीत, असं सगळं तिनं त्याला घातलं होतं. त्यातून सांधक एकेक वाद्य सोडवून घ्यायचा. जे सापडत नसे, ते त्या माणसाची वाजवण्याची ढब शिकून स्वतःच विणायचा. रफू कुठे केलंय, ते कानाला कळत नसे.

तिनं शेवटचं गाणं लावलं. नाथाचा आवाज आला. मागे चिपळ्या. मग गाणं थांबलं आणि गिटार सुरू झाली. मोकळी, मस्तवाल, तिशीतली.

फिरोजभाई ताठ झाले. "हे मी कधी वाजवलं?"

"तुम्ही नाही वाजवलं. मधे चाळीस सेकंद काहीच नव्हतं. सांधकाला वाटलं, फाटलंय. त्यानं शिवलं."

"फाटलं नव्हतं, पोरी. तुझ्या बापानं माझा तुकडा कापला होता."

"कापलेल्या जागी कड राहते, चाचा. इथे माइक चालूच होता. बारीकसारीक आवाज आहेत, सांधकानं कचरा म्हणून काढून टाकलेले."

"मग तो कचराच ऐकव."

केतकीनं शिवण उसवली, आवाज चढवला. एक श्वास. चिपळ्या लाकडावर ठेवल्याचा खट्ट आवाज. लांबून कुणीतरी विचारलं, "नाथा, बंद करू का?" आणि मग तो, अगदी माइकजवळ, हळू : "नको रे. चालू राहू दे. फिऱ्या येईल. बुक्का लावल्याशिवाय पुढं कसं जायचं?"

मग नुसतं थांबणं. सेकंदांमागून सेकंद.

"बुक्का म्हणजे?" केतकीनं विचारलं. "मला हे कळलंच नव्हतं."

फिरोजभाईंनी कपाळाला बोट लावून दाखवलं. "तुझ्या आजोबांच्या कीर्तनात पूर्वरंग संपला की बुवा थांबायचे. कपाळाला बुक्का, गळ्यात हार. मगच उत्तररंग, म्हणजे आख्यान. आमच्या कार्यक्रमातही मध्यावर नाथा थांबायचा. मी त्याला बुक्का लावायचो. लोक शिट्ट्या मारायचे. मग माझी गिटार." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "बुवांना कुणी विचारलं, तुमच्या पोराला बुक्का सतारमेकराचा पोरगा लावतो? तर म्हणाले, हात प्रेमाचा आहे ना, मग विठोबाला चालतो."

संमतीपत्र मधे पडून होतं. केतकी म्हणाली, "सही केलीत, तर सांधकाची गिटार राहील. नाहीतर जागा कोरी ठेवते."

"ती गिटार माझ्याहून चांगली वाजते गं."

"वाजते. पण बाबा तिची वाट बघत नव्हते."

फिरोजभाईंनी सुजलेल्या बोटांकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या गिटारीकडे. "काढ ती खाली. आणि तुझ्या त्या शहाण्याला सांग, मधे तोंड घालू नको."

केतकीनं सांधकाला पहिल्यांदाच हुकूम दिला : विचारल्याशिवाय काही शिवायचं नाही.

नाथाचा आवाज थांबला. चिपळ्या खट्ट वाजल्या. "बुक्का लावल्याशिवाय पुढं कसं जायचं?" फिरोजभाईंनी वाजवायला घेतलं. तिसरा सूर उतरला, पाचव्याला बोट घसरलं, मधेच हात थांबला नि पुन्हा निघाला. चाळीस सेकंद संपले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता, आणि नाथा पुढचं कडवं गात होता.

पडद्यावर सांधकाची ओळ उमटली. केतकीनं पडदा त्यांच्याकडे वळवला. फिरोजभाईंनी ती दोनदा वाचली :

'हे तुटलेलं आहे, की असंच आहे?'