किल्ली फिरवू नका

दादाची गाडी डिझेलवर चालते, हे तिला चांगलं ठाऊक होतं. पण तिची स्वतःची छोटी पेट्रोलची गाडी गॅरेजात पडलेली, म्हणून आज दादाची आणलेली आणि जिभेला सवय जुनीच. पंपावर काच खाली करून ती बोलून गेली, "पेट्रोल. टाकी भरा." पंपावरच्या माणसाने मुकाट भरली. ती किल्ली फिरवणार, तोच मागच्या जीपमधून एक उंच तरुण धावत आला आणि खिडकीशी वाकला.

"किल्ली फिरवू नका… ही डिझेलची आहे ना?"

तिने किल्लीवरचा हात झटकन काढला. दादा ती गाडी तळहातावरच्या फोडासारखी जपायचा. तरुण शांतपणे म्हणाला, अजून काही बिघडलेलं नाही. इंजिन सुरू केलं नाही, तर टाकी रिकामी करून धुतली की भागतं. हे त्याला ठाऊक असायचं कारण सरळ होतं. गेल्या वर्षी स्वतःच्या जीपमध्ये त्याने हाच घोळ घातला होता आणि वर किल्लीही फिरवली होती.

"इंजिन गेलं, अक्कल आली," तो म्हणाला.

दोघांनी गाडी ढकलून बाजूला लावली. ढकलताना त्याचा चष्मा सारखा नाकावरून घसरत होता आणि हात मोकळे नसल्याने तो मान वर करून त्याला थोपवत होता. एवढ्या काळजीतही तिला हसू फुटलं. मेकॅनिक येईपर्यंत कळलं, की त्याचं चष्म्यांचं दुकान आहे. ती दातांची डॉक्टर.

मग भेटी होत राहिल्या. आधी चष्म्याचं निमित्त, मग दाढेचं. पुढे निमित्तं संपली तरी भेटी संपल्या नाहीत. तो तिला आवडला होता, अगदी मनापासून. पण टायरांवर तासभर बोलणारा हा गडी, मनातलं विचारलं की मिठाची गुळणी धरायचा. दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावणाऱ्या तिला याचं तोंड काही उघडता येईना.

अशात दूरच्या शहरातल्या इस्पितळात तिला नोकरी लागली. तो म्हणाला, "छान झालं." बस, एवढंच. त्याने आपल्याला अडवावं असं तिला वाटत नव्हतं, नोकरी तिला हवीच होती. पण जाण्याआधी त्याने एकदा तरी बोलावं, नाहीतर हे सगळं इथेच राहून जाईल, ही धास्ती तिला लागली होती.

निघायच्या दिवशी स्टेशनवर सोडायला तोच आला. वाटेत पंपावर जीप थांबली. ती पर्समध्ये तिकीट शोधत होती, तो तिच्याकडे बघत होता आणि बघता बघताच त्याने सांगून टाकलं, "पेट्रोल. टाकी भरा." तिच्या ध्यानात आलं तोवर टाकी भरली होती आणि त्याचा हात किल्लीकडे गेला होता. तिने तो वरच्यावर धरला.

"किल्ली फिरवू नका."

त्याने पंपाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"लक्ष नव्हतं…"

"कुठे होतं?"

मागच्या गाडीने हॉर्न दिला. तिने हात सोडला नाही.

"तुमच्याकडे," तो म्हणाला. "त्या दिवसापासून तिथेच आहे. तुम्ही जा, नोकरी सोडू नका. मी दर रविवारी तिकडे येईन. पुढेमागे दुकानही तिकडेच… म्हणजे, माझ्याशी लग्न करणार असाल तर."

तिचे डोळे भरून आले.

"करणार. हे आधी बोलला असतात, तर टाकी वाचली असती."

दोघांनी उतरून जीप ढकलली. चष्मा पुन्हा घसरला. या खेपेला तिनेच हात पुढे करून तो नाकावर नीट बसवला. मग दादाला फोन लावला आणि म्हणाली, "स्टेशनवर सोडायला ये, जीपमध्ये पेट्रोल गेलंय… नाही रे, या वेळी मी नाही."